क्लच नसलेली जीप

आबा,

तुमची जीप गेल्या महिन्यात पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेली. गाडी तुमचा मुलगा चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण ते घरातल्या कोणाला ना कोणाला सांगून झालं. ही एक गोष्ट मात्र ज्याला नीट कळेल असं माणूस आता घरात उरलेलं नाही. आत्याबाईंना मी सांगितलं की जीपचा गिअरबॉक्स बदलला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, लय आवाज करत हुता." एवढ्यावर तो विषय संपला. म्हणून तुम्हाला लिहिते.

मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा ही जीप अर्धीच होती. वाईच्या आमच्या घरात सायकलीपलीकडे वाहन नव्हतं; वडील शाळेत शिकवायचे, आणि गाडी म्हणजे एसटी एवढंच मला माहीत. तुमच्या तासगाव रस्त्यावरच्या घरात मात्र राहायच्या जागेपेक्षा शेड मोठी. लष्करातली गाड्या दुरुस्तीची नोकरी संपवून तुम्ही घरी आलात ते लिलावात घेतलेली एका जुन्या जीपची नुसती चासी ट्रकवर टाकूनच, असं आत्याबाई सांगायच्या. बाकीचे फौजी गावी येऊन विहीर काढतात, घर बांधतात. तुम्ही त्या सांगाड्याभोवती शेड बांधलीत. मग त्यावर एका भंगारातल्या पिकअपचं डिझेल इंजिन बसलं, मागचा एक्सल दुसऱ्या कुठल्या गाडीचा, स्टेअरिंग तिसऱ्या, आणि पत्रा सगळा तुमच्या हातचा, ठोकून काढलेला. गिऱ्हाइकाचं काम संपलं की तुम्ही तासभर जीपपाशी घालवायचात. लग्नानंतर महिन्याभरात सुट्टी संपवून हे परत गेले. हे लष्करात ड्रायव्हर, तेव्हा पठाणकोटकडे कुठेतरी. घरात राहिलो आम्ही तिघं, तुम्ही सासू-सासरे आणि मी.

तो दिवस मला वासासकट आठवतो. पलीकडच्या मळ्यात हळद शिजत होती आणि तो वास सगळ्या घरात भरला होता. मी भाकरी थापतेय, दोन्ही हात पिठात. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, एका हातात लोखंडी चकती आणि दुसऱ्या हातात कंपास. चकतीला सारख्या अंतरावर पाच भोकं पाडायची होती. सहा असती तर तुम्हाला अडचण नव्हती, कंपास न हलवता सहा खुणा पडतात. पण पाचाला तुम्ही नेहमी अंदाजानं कंपास उघडायचात, फिरवायचात, शेवटची खूण चुकली की पुन्हा थोडा मिटायचात, असं दहा-बारा वेळा. त्या दिवशी बहुधा कंटाळा आला होता. तुम्ही म्हणालात, "पोरी, तुझं बीएस्सी काय नुसतं पत्रिकेत छापायला हुतं व्हय? ह्या पाच भोकांचं गणित घाल बरं."

मी हात धुतले, ट्रंकेतून कॉलेजचं लॉगचं पुस्तक काढलं आणि चुलीपाशी बसूनच गणित केलं. वर्तुळ एकशे चाळीस मिलिमीटरचं होतं. उत्तर आलं सव्वाब्याऐंशी आणि वर अगदी केसभर. तुम्ही तेवढा कंपास उघडलात, चकतीवर पाच पावलं टाकलीत, आणि पाचवं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर पडलं. तुम्ही पुन्हा एकदा फिरवून पाहिलंत. मग आत्याबाईंना म्हणालात की उद्यापासून दुपारच्याला ही शेडमध्ये येईल. आत्याबाई म्हणाल्या, "आवं, लोक काय म्हनतील?" तुम्ही म्हणालात, "लोकास्नी पाच भोकं पाडता येत्यात का, इचार."

त्या वर्षीच्या दिवाळीला हे घरी नव्हते. पाडव्याला आत्याबाईंनी मला साडी दिली आणि तुम्ही लाकडी पेटीतला, केसभराचंही माप घेणारा व्हर्नियर दिलात. नवा, जपानी, हातात घेतला की गार लागणारा. नणंदेला तो काय आहे तेच कळेना; ती म्हणाली, वहिनीला पाना दिला. मी ती पेटी देवघरात नेऊन हळदकुंकू लावलं. तुम्ही हसलात, पण उघडून पाहिलंत की कुंकू आतल्या दांडीवर तर सांडलं नाही ना.

आणि मग ती चूक. एका द्राक्षबागायतदाराच्या फवारणी पंपाचा बुश, फिरणाऱ्या शाफ्टवर बसणारं धातूचं कडं, करायचा होता. चुलीवर दूध ठेवून मी शेडमध्ये आले होते, मन तिकडे. शाफ्ट मोजताना व्हर्नियरची बारीक रेघ नीट पाहिली नाही, एवढं असेल म्हणून आकडा लिहिला. तुम्ही माझ्या आकड्यावर विसंबून बुश कापलात. पंप बागेत नेऊन चालू केला आणि अर्ध्या तासात जाम झाला. आभाळ आलेलं, औषध मारायचा तोच दिवस, आणि त्याची फवारणी राहिली. तो माणूस पंप घेऊन परत आला तेव्हा शेडमध्ये आणखी चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर तुम्ही मला विचारलंत की मोजलं होतंस का. मी म्हणाले, अंदाजानं... पुढचं तुम्ही बोलू दिलं नाहीत. "तुझा अंदाज तुझ्यापाशी ठेव. लोखंडाला अंदाज कळत न्हाई."

मी घरात जाऊन रडले. वाटलं, आता संपलं, उद्यापासून पुन्हा चूल. पण तासाभरात तुम्ही हाक मारलीत. नवा बुश मला मोजायला लावलात, तीनदा, आणि तिन्ही वेळा आकडा पाटीवर लिहायला लावलात. मग मला घेऊन त्या बागेत गेलात. जीपमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात, माफी मी मागायची की तू मागणार? मी मागितली. बुश मीच बसवला, वेलींखाली उकिडवी बसून. पंप सुरू झाल्यावर त्या माणसाच्या बायकोनं चहा केला आणि माझ्या हातांकडे पाहून आधी साबण आणून दिला. परत येताना तुम्ही कॅनॉलच्या रस्त्यावर जीप थांबवलीत आणि म्हणालात, चालव. त्याच दिवशी, ज्या दिवशी चारचौघांत बोललात. मी क्लचवरून पाय उचलेना, गाडी रडायला लागली, आणि तुम्ही शेजारी बसून सांगत होतात की क्लच दाबायचा तो पूर्ण, सोडायचा तो पूर्ण, मधल्यामध्ये पाय ठेवून बसायचं नाही. संध्याकाळपर्यंत मला तीन गिअर यायला लागले होते.

चौदा वर्षं मी तुमच्या हाताखाली काम केलं. मग तुम्ही गेलात, एका सकाळी, दाढी करता करता. हे सीमेवर होते, तिसऱ्या दिवशी पोचले. तेरावा झाल्यावर शेडचं काय, हा प्रश्न आला. आठवडाभर मी शेड उघडून बसले. जुनी गिऱ्हाइकं येत, भिंतीवरच्या तुमच्या फोटोला नमस्कार करत, आणि काम न टाकता जात. तुम्ही असताना माझ्या हातचं काम ते आनंदानं न्यायचे, कारण ते तुमचं काम होतं. एकाने तर विचारलं, वहिनी, शेड भाड्यानं देणार का? मी कुलूप लावलं. लेथला ग्रीस फासलं, वर ताडपत्री टाकली, आणि दहावीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. चांगल्या चालल्या. मी तक्रार करत नाही, फक्त झालं ते सांगते.

ह्यांचा अपघात तुम्ही गेल्यानंतर पाच वर्षांनी झाला. डोंगरात, पावसानं खचलेल्या रस्त्यावरून ट्रक खाली गेला. डावा पाय मांडीतून काढावा लागला. सात-आठ महिने इस्पितळात, मग नकली पाय, मग पेन्शन आणि घर. हे काठी घेऊन चालायला शिकले, जिने चढायला शिकले, आणि बोलणं मात्र कमी कमी करत गेले. अपघात कसा झाला हे त्यांनी ना मला सांगितलं, ना आत्याबाईंना. दर रविवारी मात्र शेडचं कुलूप काढायचे. जीपचं बॉनेट उघडून तेल बघायचे, मग बाहेरूनच आत वाकून किल्ली फिरवायचे. इंजिन दहा मिनिटं चालायचं, हे काठीवर रेलून ऐकत उभे राहायचे, मग बंद करून कुलूप लावायचे. सीटवर ते एकदाही बसले नाहीत. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची. चार वर्षं, दर रविवारी.

तुम्ही म्हणाल, डाव्या पायानं क्लच दाबता येत नसेल तर क्लच नसलेल्या गाड्या आता कुठेही मिळतात. मिळतात. माझ्या भावानं तसं सुचवलं होतं, लेकीनं पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवले होते. ह्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, मला कुठं जायचंय. लेक म्हणाली, पप्पा, निदान एकदा चालवून तरी बघा. त्यावर ह्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

गेल्या वर्षी लेकीला पुण्याला सोडून येताना एसटी शिरवळला चहाला थांबली. रस्त्याच्या कडेला तारेच्या कुंपणात अपघातातल्या गाड्या ठेवलेल्या होत्या. मी चहाचा कप घेऊन कुंपणापाशी गेले. एक मोठी जुनी परदेशी गाडी, पुढून पार चेपलेली, आपल्या जीपसारखीच मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी. आत दोनच पेडल दिसत होते, क्लचचा नव्हताच. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, कंडक्टरला हाक मारावी लागली. पुढच्या आठवड्यात वाईला आईला बघायला जाते असं सांगून निघाले आणि मधेच शिरवळला उतरले. त्या कुंपणातल्या गाड्यांच्या मालकानं विचारलं, ताई, साहेब कुठायत? मी म्हणाले साहेब घरी आहेत, गाडी जॅकवर घ्या. पदर खोचून खाली शिरले. तुमचा व्हर्नियर पर्समध्ये होता. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा, त्याला कॉम्प्युटर लागत नाही, इंजिनाकडून एक केबल आली की झालं. घरातून निघताना जीपची मापं कागदावर लिहून आणली होती. लांबी वीतभर जास्त, तोंडाची भोकं एकही जुळत नाहीत. बाकी सगळं होण्यासारखं. मी म्हणाले, हा काढून ठेवा.

टेम्पोतून तो गिअरबॉक्स उतरला तेव्हा हे अंगणातच बसले होते. काय आहे ते त्यांना बघताक्षणी कळलं. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "आबांची गाडी हाय ती. तिला हात लावायचा न्हाई."

मी त्यांना शेडमध्ये नेलं. जीपचं मधलं रबरी मॅटिंग उचललं आणि खालचा पत्रा दाखवला. त्यावर तीन थिगळं होती, एकावर एक. पहिलं तुम्ही इंजिन बदललंत तेव्हाचं, दुसरं गिअरबॉक्स बदललात तेव्हाचं, तिसरं कशाचं ते मलाही ठाऊक नाही. मी म्हणाले, आबांनीच ही गाडी तीनदा कापली आहे, आणि हिच्यात दुसऱ्या गाडीचा नाही असा एक तरी भाग आहे का ते दाखवा. त्यांनी बराच वेळ त्या थिगळांवरून बोट फिरवलं. मग काठी उचलून घरात गेले. नाही म्हणाले नाहीत. मी तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी लेथवरची ताडपत्री काढली.

आता तुम्हाला आवडेल असं सांगते. आपल्या इंजिनाच्या पाठीमागच्या तोंडाला सहा बोल्ट, त्या गिअरबॉक्सच्या तोंडाला आठ, आणि एकही समोरासमोर नाही. मध्ये एक जाड पोलादी प्लेट घालायची, जी एका बाजूनं इंजिनाला आवळायची आणि दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सला. दोन्ही तोंडांचे ठसे मी तुमच्याच पद्धतीनं घेतले. पुठ्ठा लावून तेलकट अंगठ्यानं कडा दाबत गेले. पण भोकं ही सोपी गोष्ट. खरी गोष्ट मधली. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत, केसभरही इकडेतिकडे नकोत, नाहीतर चार महिन्यांत सील फाटणार आणि मग बेअरिंग जाणार. पुठ्ठ्यावरून तेवढं कळत नाही. प्लेटला मी कुपवाडच्या एका मिलिंगवाल्याकडून भोकं पाडून घेतली, तो तुम्हाला ओळखायचा. मधलं मोठं भोक मात्र कमी ठेवायला सांगितलं. प्लेट इंजिनाला लावून, डायल गेज फिरवून, किती आणि कुठल्या बाजूला सरकली आहे ते पाहिलं. उतरवली, लेथवर चढवली, थोडं कापलं, पुन्हा लावली. अकरा वेळा. शेवटी गेजचा काटा एका घराच्या आतच थरथरत राहिला. त्या दिवशी शिकवणीच्या मुली येऊन बसल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

क्लचची सगळी मंडळी काढून टाकली. त्या जागी एक पातळ चकती, आणि तिला जोडलेली लोखंडी बंद हंडी, आत तेल भरलेली. इंजिन हंडी फिरवतं, आतलं तेल फिरतं, आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्स फिरतो. दोन लोखंडं एकमेकांना धरतच नाहीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की ह्यात माणसानं करायचं काय राहिलं. खाली पत्रा कापला, चौथं थिगळ माझं. मागचा शाफ्ट वीतभर आखूड करून घेतला.

हे पहिल्या महिन्यात शेडकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस दारात उभे राहून म्हणाले की जॅक चुकीच्या जागी लावलाय, गाडी अंगावर येईल. आत येऊन त्यांनी तो हलवला. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आले. तिसऱ्या दिवशी स्टूल बाजूला सारून, नकली पाय काढून ठेवून, पोत्यावर झोपून गाडीखाली सरकले. मी पाने देत होते. तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या, त्यांना गाडीबाहेर नुसता एकटा पाय उभा दिसला, आणि आबा, कितीतरी वर्षांनी आपल्या घरात आम्ही तिघंही हसलो.

गिअरबॉक्स चढवायच्या दिवशी मी मिलिंगवाल्याला मदतीला बोलावलं होतं. चेन पुलीवर गिअरबॉक्स उचलला, पुढे सरकवला, बोल्ट हातानं लागले, पण प्लेट आणि गिअरबॉक्स यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. मिलिंगवाला म्हणाला, वहिनी, पान्यानं आवळा, आपोआप बसेल. मलाही वाटलं आवळावं. तीन महिने झाले होते. मी पाना लावला. गाडीखालून हे म्हणाले, "थांब. आवळू नगंस." मग म्हणाले की हंडी आत सरकवताना तीनदा खट्ट व्हायला हवं, लष्करातल्या एका जड गाडीला त्यांनी हे पाहिलं होतं. "मी ऐकत हुतो. दोनदाच झालं. तिसरं ऱ्हायलंय." सगळं पुन्हा उतरवलं. हंडी दोन्ही हातांनी धरून मी हळूहळू फिरवत आत दाबली. एक. दोन. बराच वेळ काहीच नाही. मग तिसरं. ती बोटभर आत गेली. तसंच आवळलं असतं तर आतला तेलाचा पंप फुटला असता आणि गिअरबॉक्स भंगारात गेला असता. त्या दिवशी ह्यांनी भाकरी जास्त मागितली.

कागदपत्रांना वेळ लागला. गाडीत असा बदल केला की तो तपासून घ्यावा लागतो. तपासणीला आलेला माणूस तरुण होता, खाली वाकून प्लेट बघत राहिला, मग ह्यांना विचारलं की मिस्त्री कुठला. हे म्हणाले, "मिस्त्री हीच." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा प्लेटकडे पाहिलं, आणि पुढे सगळे प्रश्न मला विचारले.

पहिल्यांदा कॅनॉलच्या रस्त्यावर नेली. हे सीटवर बसले, हात स्टेअरिंगवर ठेवले आणि बसूनच राहिले. मी दांडा पुढे जायच्या खुणेवर ओढला, म्हटलं, ब्रेक सोडा फक्त. गाडी आपोआप चालायला लागली. ते घाबरले, आबा. पंचवीस वर्षं डोंगरात ट्रक चालवलेला माणूस, पायी चालण्याच्या वेगानं जाणाऱ्या जीपला घाबरला. मग हळूहळू सवय झाली. तासगाव, मग पलूस, मग फलटणला ह्यांच्या एका जुन्या सोबत्याकडे. आणि गेल्या महिन्यात वाईला, माझ्या आईला भेटायला. जेवण झाल्यावर हे स्वतःच म्हणाले, वर जाऊन येऊ.

घाट अर्धा चढलो आणि मला तेल तापल्याचा वास आला. एका वळणावर कडेला थांबवली. तेल गार करायला मी पुढे जो छोटा रेडिएटर लावला होता, त्याच्या नळीची पट्टी सैल झाली होती, थेंब थेंब गळत होतं. पट्टी आवळली, सोबत आणलेलं तेल भरलं, आणि गार व्हायची वाट बघत थांबलो. हे कठड्याला टेकून खाली कृष्णेकडे बघत होते. तिथे त्यांनी सांगितलं. ट्रक खचलेल्या कडेवर होता तेव्हा त्यांना गिअर खाली टाकायचा होता. त्यांनी क्लच दाबला, आणि दाबलेलाच राहिला, कारण तेवढ्यात ट्रक कडेच्या खडकावर आपटून केबिन चेपली आणि पाय अडकला. इंजिनाचा जोर सुटला आणि ट्रक मोकळा खाली गेला. शेजारी बसलेला जवान वाचला, ह्यांचा पाय गेला, पण सहा वर्षं हे एवढंच घोळवत होते की क्लच दाबला नसता तर. "अजून दाबतो गं," ते म्हणाले. "चढ आला, गिअर बदलायची वेळ आली, की नसलेला पाय दाबतो. आज घाटात पयल्यांदा कळलं की दाबला तरी काय हुत न्हाई." मी नळीला पुन्हा हात लावून पाहिला आणि म्हणाले, गार झालंय, चला. वर पाचगणीत आम्ही स्ट्रॉबेरी खाल्ली, तिथल्या थंडीत जीपच्या बॉनेटला टेकून, ते गरम होतं म्हणून. उतरताना त्यांनी दांडा खालच्या गिअरला ठेवला आणि इंजिनानं गाडी धरून ठेवली, ब्रेकला फारसं काम पडलं नाही.

आता सगळे म्हणतात, नवऱ्यासाठी केवढं केलं हिनं. आईनं वाईत शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. लेक तर मैत्रिणींना व्हिडिओ दाखवते. मी मान खाली घालून ऐकते, आणि लोकांना वाटतं मी लाजते. खरी गोष्ट वेगळी आहे. तो गिअरबॉक्स टेम्पोतून उतरला त्या आठवड्यात ह्यांची जखम पुन्हा चिघळली होती, तीन रात्री झोप नव्हती, आणि मी मात्र खुश होते. सकाळी उठल्यावर आधी शेड आठवायची, मग हे. प्लेट अकराव्यांदा लेथवर चढवली तेव्हा मनात आलं की बाराव्यांदाही चढवावी लागली तर बरं. शेडचं कुलूप मला सात-आठ वर्षांपूर्वीच काढायचं होतं, पण त्यासाठी कोणी नाही म्हणू शकणार नाही असं कारण लागत होतं, आणि ते कारण ह्यांच्या पायातून आलं. त्यांचा पाय गेला नसता तर मी आज शिकवण्याच घेत असते. आता फवारणीचे पंप यायला लागलेत, परवा कडबा कापायचं एक कुट्टी मशीन आलं, आणि लोक बाहेरून हाक मारतात ती मला मारतात. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही असतात तर तुमच्यासमोरही मी हे बोलले नसते. तुम्ही नाही आहात, म्हणून तर लिहिता आलं.